स्वस्तातला छोटा लॅपटॉप: घ्यावा की न घ्यावा?

बारावीचा निकाल लागला की आमच्या पेडणे-डिचोलीकडच्या घरांतून एक प्रश्न हमखास निघतो. "चेड्याक लॅपटॉप घ्यायचा आहे. पंधरा-सोळा हजारांत छोटा मिळतो म्हणतात. घेऊ का?" कचेरीत चहाच्या वेळी हा प्रश्न निघतो, कदंब बसमध्ये निघतो, देवळाच्या सभामंडपात तर निघतोच. मी काही संगणकतज्ज्ञ नव्हे. कला शाखेचा पदवीधर, सरकारी कारकून. दिवसभर फायलींवर इंग्रजीत नोटिंग करायचे आणि रात्री जेवणे आटोपली की चार ओळी मराठीत लिहायच्या, एवढाच माझा आणि संगणकाचा संबंध. पण या चार ओळींमुळेच लोकांना वाटते की याला त्यातले काहीतरी कळत असावे. म्हणून म्हटले, प्रत्येकाला वेगळे उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहून टाकावे.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढे वाचायचा त्रास नको. छोटा, स्वस्त लॅपटॉप ही वाईट वस्तू नाही. वाचायला, धडे बघायला, अर्ज भरायला तो पुरतो. पण ज्या मुलाला लिहायचे आहे, त्याच्यासाठी तेवढ्याच किंवा थोड्या जास्त पैशांत जुना, वापरलेला पण दणकट लॅपटॉप घेणे बरे. असे का, ते आता सांगतो.

स्वस्त संगणकाचे स्वप्न आपल्याकडे आजचे नाही. गोव्यात २००२ साली मनोहर पर्रीकर मुख्यमंत्री असताना सायबरएज योजना आली आणि उच्च माध्यमिकच्या मुलांच्या घरी नाममात्र पैशांत संगणक जाऊ लागले. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांना हेही आठवत असेल की कित्येक घरांत तो संगणक हॉलच्या कोपऱ्यात, क्रोशाचे कापड पांघरून, टीव्हीच्या शेजारी मानाने बसलेला असे. पावसाळ्यात वीज गेली की तो बंद, आणि वीज जायला आमच्याकडे कारण लागत नाही. तरीही त्या योजनेने एक गोष्ट केली. संगणक म्हणजे पणजीतल्या कचेरीत असणारी वस्तू, ही समजूत मोडली. तो आपल्याही घरात असू शकतो हे लोकांना पटले.

नंतर आली शंभर डॉलरच्या लॅपटॉपची हवा. अमेरिकेतले निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ साली ही कल्पना जगापुढे मांडली. शंभर डॉलर म्हणजे त्या वेळचे साधारण साडेचार हजार रुपये. भारत सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली त्याला नकार दिला. तरी २००७ साली आपल्या शेजारी महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात नावाच्या छोट्याशा गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत वीसेक मुलांच्या हातात ते हिरवे-पांढरे लॅपटॉप पडले. यंत्र मोठे गमतीचे होते. पडदा साडेसात इंची, पण भर उन्हात अंगणात बसूनही वाचता येईल असा. कीबोर्ड रबराचा, अखंड, म्हणजे धूळ-पाणी आत जायला नको. कळा लहान मुलांच्या बोटांच्या मापाच्या. मोठ्या माणसाला त्यावर धड टंकता येत नसे, आणि तसे ते अपेक्षितही नव्हते. किंमत मात्र शंभर डॉलरवर कधीच आली नाही, दोनशेच्या आसपास राहिली.

खैरातचे उदाहरण एवढ्यासाठी दिले की ते यंत्र बनवणाऱ्यांनी आधी वापरणारा डोळ्यांसमोर आणला आणि मग काय कमी करायचे ते ठरवले. खेड्यातले सात-आठ वर्षांचे मूल. त्याला वेग नको, मोठी साठवण नको. त्याला उन्हात दिसणारा पडदा हवा आणि पडले तरी न फुटणारी पेटी हवी. स्वस्त वस्तूत काहीतरी कमी असणारच. जे कमी केले ते आपल्याला लागणारे आहे की न लागणारे, एवढेच बघायचे असते.

पुढचा इतिहास भराभर सांगतो. २००७ च्या अखेरीस आसुस कंपनीचा सात इंची 'ई पीसी' जगात आला आणि धडाक्यात खपला. आपल्याकडे २००८ च्या सुरुवातीला एचसीएलने 'मायलीप' काढला, त्यातला सर्वांत स्वस्त चौदा हजारांच्या घरात होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजी कपिल सिब्बल यांनी दिल्लीत 'आकाश' टॅब्लेट दाखवला. सरकारला तो साधारण सव्वादोन हजारांना पडत होता. सगळ्या वर्तमानपत्रांत फोटो झळकले. प्रत्यक्षात त्याचा पडदा बोटाने जोर देऊन दाबावा लागे आणि बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकी. काम नंतर मुंबईच्या आयआयटीकडे गेले आणि २०१२ साली सुधारलेला 'आकाश-२' आला, पण तोपर्यंत लोकांचा उत्साह ओसरला होता. आसुसनेही २०१३ पासून ते छोटे लॅपटॉप बनवणे थांबवले. लोकांच्या हातात तोवर स्मार्टफोन आले होते. वाचायला आणि बघायला तो पुरेसा होता, मग सात इंची लॅपटॉप कोण घेणार?

आणि आता पुन्हा तेच चक्र फिरले आहे. २०२० साली शाळा बंद झाल्या, वर्ग मोबाईलवर आले. सांगे-सत्तरीतली मुले रेंजसाठी डोंगर चढत असल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. त्या काळात पालकांना कळून चुकले की पाच-सहा इंचांच्या पडद्यावर मूल धडा बघू शकते, पण निबंध लिहू शकत नाही. बाजाराने ती नड ओळखली. जुलै २०२३ मध्ये जिओने अकरा इंची 'जिओबुक' १६,४९९ रुपयांना आणला. वजन किलोभरापेक्षा कमी, आत ४जीची सोय. त्याच सुमारास याच किमतीची आणखीही काही यंत्रे आली. चवथीच्या आधी दुकानांच्या पाट्यांवर आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत असले छोटे लॅपटॉप दिसले की ही सगळी पूर्वपीठिका लक्षात ठेवावी.

आता जमाखर्च मांडू. आधी जमेची बाजू, कारण ती खरी आहे.

पहिली गोष्ट वजन. इब्रामपूर किंवा हाळी-चांदेलहून सकाळची बस पकडून कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या पाठीवर पुस्तके, डबा, छत्री आधीच असते. त्यात अडीच किलोचे धूड आणि किलोभराची पाटी यांत फरक पडतो. दुसरी गोष्ट बॅटरी. या यंत्रांतला प्रोसेसर मोबाईलच्या जातीचा किंवा त्याच्या जवळपासचा असतो, वीज कमी खातो. वादळवाऱ्यात दुपारभर वीज नसली तरी काम अडत नाही. तिसरी गोष्ट, बऱ्याच यंत्रांत पंखा नसतो. म्हणजे घरघर नाही, आणि धूळ व ओल आत ओढून घेणेही नाही. आमच्या चार महिन्यांच्या पावसात, जिथे कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते, तिथे हा मुद्दा लहान नव्हे. शिवाय सिम घालता येत असेल तर ज्या वाड्यावर केबल पोचलेली नाही तिथेही काम होते.

आता खर्चाची बाजू. असल्या यंत्रात बहुधा ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण असते. विंडोज ११ ला किमान लागते तेवढीच ही मापे आहेत. म्हणजे विद्यार्थी काठावर पास झाला, एवढाच त्याचा अर्थ. पहिल्या दिवशी सगळे ठीक चालते. सहा महिन्यांनी विंडोजचे स्वतःचे अपडेट, कॉलेजच्या पीडीएफ, चार फोटो असे साठत गेले की जागा संपते आणि यंत्र रांगू लागते. बरे, रॅम वाढवावी म्हटले तर ती बोर्डावर कायमची डकवलेली. साठवणीचेही तेच. आपल्या गावातला दुरुस्तीवाला कितीही हुशार असला तरी त्याला तिथे करण्यासारखे काही उरत नाही. अँड्रॉइडवर किंवा त्यासारख्या प्रणालीवर चालणारी यंत्रे याच सामग्रीत जास्त हलकी चालतात, पण मग टॅलीसारखा कार्यक्रम त्यांवर नेहमीच्या पद्धतीने बसत नाही. वाणिज्य शाखेच्या मुलाला हे आधी ठाऊक असलेले बरे.

डिचोलीत समई घ्यायला गेले की माणूस ती हातात तोलून बघतो. वजन जास्त, पितळ जास्त, दाम जास्त, आणि समई तीन पिढ्या टिकणार. एखादे पात मोडले तर तांबट ते जोडून देतो. अगदीच गेली तर मोडीचे पैसे तरी येतात. स्वस्त लॅपटॉपाला हा हिशेब लागू पडत नाही. तो बिघडला की पात जोडता येत नाही आणि मोडही येत नाही.

सेवा केंद्राचाही हिशेब करायला हवा. वॉरंटी वर्षाची असते, पण केंद्र म्हापशाला नाहीतर पणजीला. एकदा यंत्र नेऊन द्यायचे, एकदा आणायला जायचे, मध्ये 'पार्ट यायचा आहे' म्हणून एक फेरी फुकट. नोकरदार माणसाची रजा जाते, रोजंदारीवाल्याचा रोज बुडतो. केरी-पालयेच्या माणसाने या तीन फेऱ्यांची किंमत लॅपटॉपाच्या किमतीत मिळवली पाहिजे.

आणि हप्त्यांबद्दल एक शब्द. 'बिनव्याजी' हप्ते हा शब्द ऐकला की हात सैल सुटतो. आमच्या डिचोली तालुक्याला हप्ते काय असतात हे कोणी शिकवायला नको. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा दारात उभ्या असलेल्या ट्रकांचे हप्ते कसे फेडायचे, या चिंतेत घरेच्या घरे जागली आहेत. लॅपटॉप म्हणजे ट्रक नव्हे, हे कबूल. पण यंत्र दोन वर्षांत मेले आणि हप्ते अठरा महिन्यांचे असतील, तर वापर किती महिने निखळ मिळाला हे बोटांवर मोजून बघावे.

आता माझ्या आस्थेच्या विषयाकडे येतो. मराठीचा.

यंत्रांच्या परीक्षणांत मराठी लिहिणाऱ्याचा विचार सहसा नसतो, म्हणून हे जरा विस्ताराने. देवनागरीला रोमन लिपीपेक्षा उभी जागा जास्त लागते. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. सात इंची जुन्या पडद्यांवर उभ्या दिशेने ४८० ठिपके असत. त्यांतले वरच्या पट्ट्यांनी खाल्ले की मराठीच्या दहा-बारा ओळी कशाबशा दिसायच्या. आजच्या अकरा इंची पडद्यावर साधारणपणे ७६८ ठिपके असतात. परिस्थिती पुष्कळच बरी आहे, पण शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून काम करायचे म्हटले की पुन्हा तीच अडचण.

कीबोर्डाचीही एक गंमत आहे. सरकारमान्य इनस्क्रिप्ट पद्धतीत स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला येतात. 'आ' उमटवायचा तर डाव्या हाताने काना असलेली कळ आणि उजव्या करंगळीने शिफ्ट. म्हणजे 'आई', 'आपण', 'आहे', 'आता' या प्रत्येक शब्दाला उजवी शिफ्ट हवी. जागा वाचवण्यासाठी सुरुवातीच्या काही छोट्या लॅपटॉपांत नेमकी हीच कळ बाणाच्या कळेपलीकडे ढकललेली होती. 'आई' लिहायला जावे आणि कर्सरने टुणकन वरच्या ओळीत उडी मारावी! इंग्रजीत लिहिणाऱ्याला वाक्याच्या आरंभी एकदा होणारा त्रास, मराठीवाल्याला दर तिसऱ्या शब्दाला. आजच्या अकरा इंची यंत्रांवर बहुधा ही अडचण नसते, पण दहा इंची आणि सुट्या कीबोर्डवाल्या यंत्रांवर आजही कळांची जागा बघूनच घ्यावे.

तुम्ही म्हणाल, हल्ली मुले मोबाईलवर अंगठ्यांनी मराठी लिहितात, बोलून लिहितात, मग एवढे काय? खरे आहे. मोबाईलने मराठी लिहिणाऱ्यांची संख्या वाढवली, आणि मला त्याचा आनंदच आहे. पण चार ओळींचा निरोप लिहिणे वेगळे आणि चार पाने लिहून, तिसरा परिच्छेद पहिल्याच्या जागी आणून, दोन वाक्ये गाळून, पुन्हा वाचणे वेगळे. हे दुसरे काम मोबाईलवर होत नाही असे नाही, पण करणारा कंटाळतो आणि सोडून देतो.

हे मी का म्हणतो? आमच्या पेडण्यात आणि डिचोलीत धालोची, फुगडीची गाणी तोंडपाठ असलेल्या बाया आता सत्तरी-ऐंशीला आल्या आहेत. दशावताराचे जुने नट एकेक करून जात आहेत, आणि दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, ते नटाच्या जिभेवर असतात. हल्ली नातवंडे हे सगळे मोबाईलवर चित्रित करतात, ही फार चांगली गोष्ट. पण ते चित्रण मोबाईलमध्येच राहते आणि मोबाईल बदलला की जाते. ते उतरवून कोण काढणार? त्यासाठी एका बाजूला ध्वनिमुद्रण सुरू ठेवून, दहा-दहा सेकंद मागेपुढे करत, दुसऱ्या बाजूला टंकत बसावे लागते. आजीने वापरलेला शब्द नीट कळला नाही तर तो तिला पुन्हा विचारून दुरुस्त करावा लागतो. हे काम करायला विद्वान लागत नाही, अकरावी-बारावीतले चौकस मूल पुरते. त्याला फक्त असे यंत्र हवे, ज्यात दोन खिडक्या एका वेळी धड चालतील आणि ज्यावर तासभर टंकले तर बोटे आणि डोळे दुखणार नाहीत.

म्हणून माझा कल जुन्या दणकट लॅपटॉपाकडे. मोठ्या कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांना चांगल्या प्रतीचे लॅपटॉप देतात आणि तीन-चार वर्षांनी ते एकगठ्ठा बाजारात काढतात. ते तपासून, पुसून पुन्हा विकले जातात. वीस हजारांच्या आगेमागे चौदा इंची पडदा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला लॅपटॉप मिळू शकतो. कीबोर्ड उत्तम असतो, कारण तो दिवसभर टंकणाऱ्यांसाठी बनवलेला असतो. मागचे झाकण स्क्रूंनी उघडते, आणि अनेक मॉडेलांत रॅम व बॅटरी बदलता येते.

यातही धोके आहेत. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे विंडोज ११ अधिकृतपणे चालेल असेच यंत्र घ्यावे. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. त्याआधीचे यंत्र फारच स्वस्त मिळाले तर त्यावर लिनक्स घालून लेखन-वाचन छान होते, पण घरात ते सांभाळणारे कोणीतरी हवे. बॅटरी जुनी असते. विंडोज स्वतःच बॅटरीचा अहवाल काढून देते, त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता दोन्ही दिसतात, तो दुकानदाराकडे मागावा. पक्के बिल आणि निदान सहा महिन्यांची लेखी हमी नसेल तर उठून यावे, मग तो दुकानदार नात्यातला का असेना.

आकड्यांत मांडू. समजा पंधरा हजारांचा छोटा लॅपटॉप तीन वर्षे टिकला, तर वर्षाला पाच हजार पडले. वीस हजारांच्या जुन्या लॅपटॉपाला मध्ये बॅटरीसाठी तीन हजार घातले आणि तो पाच वर्षे चालला, तर वर्षाला चार हजार सहाशे. फरक पैशांत थोडाच आहे. पण पदवी तीन वर्षांनी घ्या की चार वर्षांनी, दुसऱ्या हिशेबात शेवटच्या परीक्षेच्या वेळी यंत्र हाताशी असण्याची शक्यता जास्त.

मग छोटा लॅपटॉप कोणी घ्यावा? पाचवी ते आठवीतल्या मुलासाठी जरूर घ्यावा. घरी एक मोठा संगणक आहे आणि बाहेर न्यायला हलके काही हवे, त्याने घ्यावा. निवृत्तीनंतर वर्तमानपत्रे वाचायची, पोरांशी बोलायचे, वीजबिल भरायचे, अशा वडीलधाऱ्यांसाठी तर तो उत्तमच. जिथे सिमवाचून इंटरनेट नाही, तिथेही तोच. आणि ज्या घरात पंधरा हजारांवर रुपया नाही, तिथे 'थांब, पैसे साठू दे' म्हणून मुलाचे वर्ष वाया घालवू नये. छोटा तर छोटा. दशावतारात एका बाकड्यावर राजाचा दरबार भरतो आणि तेच बाकडे घटकेत पर्वत होते. बाकडे लहान असल्याने नाटक अडत नाही. फक्त ते डुगडुगणारे नसावे, एवढी काळजी घ्यायची.

शेवटी एकच सांगतो. दुकानात गेल्यावर विक्रेता तुम्हाला रंगीत चित्रफीत दाखवील, आवाज ऐकवील. ते बघून घ्या. मग त्याला म्हणावे, यावर जरा मराठी कीबोर्ड सुरू करून दे. मुलाला खुर्चीवर बसवा आणि आपल्या गावाबद्दल दहा ओळी लिहायला सांगा. पाच-दहा मिनिटांचे काम आहे. त्या दहा ओळी लिहून झाल्यावर मूल अकरावी ओळ लिहू बघत असेल, तर बिल करायला सांगावे.